गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

नमस्कार मंडळी. समोर जुन्या मारुती ८०० वाले, झेनवाले, सँट्रोवाले बरेच दिसतायत म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गाडी गरम होते म्हटलं की कोणीतरी रेडिएटर बदला म्हणतं आणि आपण लगेच स्पेअर पार्टसाठी नाना पेठ गाठतो. जरा थांबा हो. आधी मला एवढंच सांगा, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर कधी जातो?

युनिव्हर्सिटी चौकात अडकलात की वर आणि बाणेर रोडला गाडी पळायला लागली की खाली, असं असेल तर आधी फॅन बघा, कारण गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, उभी असली की सगळी भिस्त फॅनवर. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, बॉनेट उघडा, एसी बंद पाहिजे नाहीतर फॅन त्याच्यामुळेच फिरेल आणि तुम्ही फसाल. काटा मध्याच्या वर गेला तरी फॅन गप्प? मग रेडिएटरवरच्या थर्मोस्विचचा, म्हणजे पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचा, कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरी तारेने जोडायच्या. ही युक्ती दोन वायरींच्या स्विचलाच बरं का, आणि हात फॅनच्या पात्यांपासून लांब. फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर.

आता उलटं. गावात एकदम ठीक आणि खंबाटकी चढताना काटा वर, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं, क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. खालचा होस पाईपही बघा, म्हातारा झाला की जरा रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो, आणि गाडी नुसती उभी असताना हे कळतच नाही, कोणालातरी रेस द्यायला लावा.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण ०.९ बारचं, म्हणजे आत तेवढा दाब धरून ठेवणारं असेल आणि रबर नीट असेल तर तेच पाणी ११५ च्या पुढे तग धरतं. रबर फाटलं की संपलं, आणि ते बदलायला रेडिएटरच्या मानाने किरकोळ खर्च येतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायचा सल्ला मात्र ऐकू नका. इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. अडकलाय वाटलं तर नवीन टाका.

पाणी रोज कमी होतंय, खाली थेंब नाही, थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक, ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट साय... हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील. इथे घरगुती प्रयोग बंद, आणि गाडी टो करून न्या, चालवत नेलीत तर हेड वाकतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

घाटात काटा चढलाच तर? एसी बंद, हीटर फुल्ल. घाम निघेल पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास चहा प्या. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, वाफेने तोंड भाजतं, आणि तापलेल्या इंजिनात बिसलेरीची गार बाटली ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. हं, मागचे काका, विचारा.