चाकांवरची खोली

[वरळी, सकाळ. बीडीडी चाळीची गॅलरी. वाळत घातलेले कपडे, दाराशी पाण्याचं पिंप.]

आमची खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या, तेव्हापासून माप तेच. त्यात आम्ही सहा माणसं. पलंगाखाली ट्रंका, मोरीवर माळा, रात्री गाद्या अंथरल्या की पाय टाकायला जागा नाही. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून एक.

आता तिथे उंच इमारती आल्यात. पण या फिल्ममध्ये ती खोली पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण गेल्या मे महिन्यात आम्ही न्यूझीलंडमध्ये बारा दिवस तशाच एका खोलीत राहून आलो. फक्त तिला चाकं होती.

[ख्राइस्टचर्च. पांढरी कॅम्परव्हॅन.]

सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. ड्रायव्हरची जागा धरूनसुद्धा १३० चौरस फुटांच्या आत. मी, नवरा आणि माझी आई. आई आत शिरली, एकेक कप्पा उघडून पाहिला, गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "बरी आहे गं. संडास तरी घरातच आहे."

मे महिना का, तर आपल्याकडे सुट्टी आणि तिकडे शरद संपत आलेला. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडचा उन्हाळा. तेव्हा गाड्यांची भाडी ऐकूनच घाम फुटतो. मेमध्ये ती बरीच उतरतात. बदल्यात थंडी, आणि संध्याकाळी सव्वापाचलाच सूर्य बुडतो. मुंबईहून थेट विमान नाही, आम्ही सिंगापूरवरून गेलो. उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. झोप अर्धवट आणि हातात सहा मीटरची गाडी, कशाला विषाची परीक्षा?

परवान्याची गोष्ट सोपी. तिकडेही डावीकडूनच गाडी चालवतात, आणि आपला स्मार्टकार्डावरचा इंग्रजी परवाना कायद्याने पुरतो. तरी नवऱ्याने आरटीओतून एक हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाच. तो एक वर्ष चालतो. बारा दिवसांत कोणीही मागितला नाही. आई अजून त्या हजारांचा हिशेब विचारते.

[विमानतळ. सामानाचं घोषणापत्र भरणारे हात.]

खाण्याचं सामान मात्र खरोखर जपून. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, लोणचं, सगळं अर्जात लिहायचं. मध तर न्यायचाच नाही. मातीने माखलेले ट्रेकिंगचे बूट असतील तर तेही सांगायचे. लिहिलेलं ते फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, म्हणजे वीस हजार रुपये. आईने डब्यांची यादी शाळेच्या वहीसारखी ओळी आखून केली होती. अधिकाऱ्याने मेतकुटाची पिशवी उघडून वास घेतला आणि परत दिली. आईला वाटलं, त्याला आवडलं.

[रस्ता. काचेवर फिरणारा वायपर, आभाळ कोरडं ठाक.]

गाडी युरोपियन बनावटीची, त्यामुळे इंडिकेटर डाव्या हाताला. आमच्या मारुतीत उजवीकडे. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आम्ही काच पुसली.

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० आहे, पण पश्चिम किनाऱ्यावर ती गाठायची म्हटलं तरी गाठता येत नाही. आंबोली घाट शंभर किलोमीटर ताणावा तसा तो रस्ता. मधेमधे एकपदरी पूल. निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आधी आपण. लाल गोल पाटीवर आपला बाण बारीक असेल तर थांबायचं. हॉर्न वाजवून कोणी पूल मिळवत नाही. मागे गाड्या साचल्या की कडेला घेऊन त्यांना पुढे सोडायचं. अंधेरी पुलावर पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माझ्या नवऱ्याला सगळ्यात अवघड गेलं ते हेच.

आता पैशांचं. भाड्याचा आकडा सगळे सांगतात, बाकीचं आपल्याला कळतं ते गाडी ताब्यात घेताना. डिझेलच्या गाडीला तिथे रस्ताकर वेगळा लागतो, हजार किलोमीटरला ७६ डॉलर. तो पंपावर नाही, गाडी परत करताना किलोमीटरच्या काट्यावरून मोजतात. आमचे १७०० किलोमीटर झाले, म्हणजे १२९ डॉलर, जवळजवळ साडेसहा हजार रुपये. शिवाय व्हिसाबरोबर पर्यटक कर माणशी १०० डॉलर, तो २०२४च्या ऑक्टोबरपासून ३५चा १०० झालाय. विम्यात काच आणि टायर धरलेत का, हे सही करायच्या आधी विचारा. आम्ही सही करून मग विचारलं.

आणि खरं सांगायचं तर दोघंच जाणार असाल तर कॅम्परचा हट्ट धरू नका. छोटी कार आणि हॉलिडे पार्कातली, म्हणजे पैसे भरून गाडी लावून राहायच्या तळावरची, साधी केबिन बहुतेकदा स्वस्त पडते. तिघं-चौघं झालात, घरी शिजवून खाणारे असलात, की मग गाडीचं गणित जमतं. एक डॉलर रोजावर गाड्या मिळतात हेही खरंच आहे: दक्षिणेत साचलेल्या गाड्या ऑकलंडला पोचवायच्या असतात. पण दिवस मोजून देतात. आईला घेऊन तशी पळापळ करायची म्हणजे कुरिअरवाल्याचं काम.

[रात्र. तळ्याकाठी उभी गाडी, आत पिवळा दिवा.]

मुक्काम कुठेही ठोकता येत नाही. २०२३च्या कायद्याप्रमाणे बहुतेक फुकटच्या जागी राहायचं तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा आणि तसा हिरवा दाखला हवा. नाहीतर दंड. वनखात्यासारखं तिथे संवर्धन खातं आहे, त्याच्या साध्या जागा फुकट किंवा अगदी स्वस्त. नळ, संडास, बस्स. काही ठिकाणी लाकडी पेटीत पाकीट टाकून यायचं, बघायला कोणी नसतं. नवऱ्याने दोनदा टाकलं. पहिल्यांदा टाकलंय की नाही ते त्याला आठवेना.

दोन रात्री अशा, तिसरी पैसे भरून हॉलिडे पार्कात, हा आमचा क्रम होता. विजेची तार जोडली की हीटर चालतो, किटली चालते. एरवी गाडीच्या बॅटरीवर दिवे आणि फ्रिज, तेवढंच. त्याच रात्री कपडे धुवायचे, कढत पाण्याने अंघोळ, आणि सकाळी घाण पाण्याची टाकी ठरलेल्या खड्ड्यावर रिकामी करायची. संडासाची पेटी ओढत नेणं हे जावयाचं काम ठरलं. आई त्याला म्हणाली, "तुम्ही चाळीत राहिला नाहीत ना, म्हणून नाक धरता."

पाण्याची टाकी चार-पाच बादल्यांची. तिघांना दोन दिवस. इथे आईने सगळा कारभार आपल्याकडे घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी टाकायचं नाही, त्यात ताटं बुचकळायची. तोंड धुताना नळ नाही, तांब्या. चाळीत पहाटे पाणी यायचं आणि बघता बघता जायचं. त्या काळचा तिचा हात अजून तसाच आहे. आमची टाकी एकदाही वेळेआधी संपली नाही.

[मिलफर्डच्या रस्त्यावरची बस, खिडकीतून हिमशिखरं.]

मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या खाडीला गाडी नेली नाही. मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या बाळगाव्या लागतात, आणि त्या बसवायला आमच्यापैकी कोणाला येत होतं? 'ते आनाऊ' नावाच्या गावाहून बस घेतली. पैसे गेले, पण होमर बोगद्याच्या चढावर ड्रायव्हर दुसरा होता याचं समाधान पुष्कळ.

[पुकाकी तळं. धुकं.]

पुकाकीच्या काठी आम्ही आओराकी, म्हणजे माउंट कुक पर्वतासाठी थांबलो. ३७२४ मीटर उंच, समोरच असतो म्हणे. दोन दिवस समोर फक्त पांढरं. तिसऱ्या पहाटे आई पोहे परतत होती, खिडकीला वाफ धरलेली. तिने पदराने काच पुसली आणि काही न बोलता गॅस बंद केला.

पोहे गार झाले. कोणी तक्रार केली नाही.

[ख्राइस्टचर्च. गाडी परत देताना.]

गाडी परत देताना पोरगेलासा कर्मचारी यादी घेऊन आत गेला. भांडी मोजली, चमचे मोजले. सहा हवे, पाचच निघाले. आईने गाडी इतकी लख्ख पुसली होती की त्याने हसून यादीवर बरोबरची खूण केली.

सहावा चमचा आईच्या मिसळणाच्या डब्यात आहे. हळदीने पिवळा झालाय.