मुक्या सोबत्याची तसबीर

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या, बारशाच्या आणि मुंजीच्या फोटोंसाठी छायाचित्रकार बोलावणे आपल्या सोलापुरात नवे नाही. पण घरातला कुत्रा, माजघरात वावरणारे मांजर किंवा दावणीचा खोंड यांचाही एक चांगला, भिंतीवर लावण्याजोगा फोटो असावा, असे वाटणारी माणसे आता माझ्याकडे येऊ लागली आहेत. हे काम करताना मी जे शिकलो, ते आज आपल्याला सांगणार आहे. त्यातले बरेचसे कॅमेऱ्याविषयी नाही, जनावराविषयी आहे.

पहिली अडचण अशी की, फोटो कशासाठी काढतात हे जनावराला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने एक अनोळखी माणूस मोठ्या काळ्या काचेतून त्याच्याकडे रोखून पाहत असतो, आणि कुत्र्याच्या जगात असे रोखून पाहणे हे धमकावणे असते. म्हणून मी पहिली पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा जमिनीवर ठेवून नुसता बसून राहतो, कुत्र्याला माझे बूट, माझी पिशवी आणि तो कॅमेराही हुंगू देतो. दमलेला नसताना तो वारंवार जांभया देऊ लागला, नाकावरून जीभ फिरवू लागला, कान मागे पाडून तोंड फिरवू लागला, तर तो अस्वस्थ आहे असे समजावे आणि थांबावे. मालक बिचारे घाईवर येतात, कुत्र्याचे तोंड धरून माझ्याकडे वळवतात; त्यांना मी नम्रपणे हात काढायला सांगतो. एक गोष्ट मात्र मी आवर्जून आणायला सांगतो, ती म्हणजे कुत्र्याचे रोजचे अंथरूण. आपल्याकडे ते बहुधा जुन्या, विटलेल्या सोलापुरी चादरीचेच असते. स्टुडिओतल्या कोऱ्या पडद्यासमोर अंग चोरून उभा राहणारा कुत्रा त्या चादरीवर आला, की तिच्या ओळखीच्या वासाने एक गिरकी घेऊन निवांत बसतो.

फोटोत डोळे जिवंत असतील तरच तो फोटो त्या जनावराचा होतो. त्यासाठी छायाचित्रकाराने आपला कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला पाहिजे, म्हणजे मांजरासाठी पोटावर पालथे पडणे आले. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर असावा. कुत्र्याचे नाक पुढे आलेले असते आणि फोकस नाकावर गेला, की डोळे पुसट होतात. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसला पाहिजे, आणि तो मोठ्या खिडकीतून किंवा ओसरीच्या उघड्या बाजूने आलेल्या मऊ उजेडाने सर्वांत सुंदर पडतो. समोरून फ्लॅश मारला तर डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण कुत्रा, मांजर, गाय, घोडा यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. अंधारात पाहायला उपयोगी पडणारा तोच थर फोटोत डोळ्यांची रया घालवतो. भर उन्हात मांजराच्या बाहुल्या उभ्या रेघेएवढ्या बारीक होतात आणि चेहरा उगाच रागीट दिसतो, तर सावलीत त्याच बाहुल्या गोल होऊन मुद्रा एकदम मवाळ होते. शेळीची बाहुली आडवी असते. ती लोकांना विचित्र वाटते, मला मात्र ती फार देखणी वाटते आणि मी ती मुद्दाम जवळून टिपतो.

रंगाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले छायाचित्रकारही चुकतात. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे धरून कॅमेरा उजेडाचे माप घेतो. काळीभोर पंढरपुरी म्हैस चौकटभर आली, की कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे. तो फोटो उजळ करतो आणि म्हैस राखेसारखी दिसते. पांढराशुभ्र खिल्लार बैल समोर असला, की नेमके उलटे होते आणि बैल मळकट उतरतो. म्हणून काळ्या जनावरासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एखाद्या स्टॉपने (उजेड निम्मा किंवा दुप्पट करणाऱ्या एका पायरीने) कमी करावे आणि पांढऱ्यासाठी तेवढेच वाढवावे; मात्र पांढऱ्याच्या पाठीवर थेट ऊन पडले असेल तर जपून, कारण तिथले केसन् केस पुसले जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. म्हशीला नुकतेच धुतलेले असावे आणि उजेड बाजूने यावा, म्हणजे कातडीवरची ओली झळाळी दिसते. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी शिंगे खांद्यांच्याही मागे जातात. तोंडाच्या मापाने चौकट धरली तर ती हमखास कापली जातात, आणि शिंगे कापलेला म्हशीचा फोटो तिच्या मालकाला मुळीच चालत नाही.

धावत्या जनावराची गोष्ट वेगळी आहे. घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे माणसाच्या डोळ्याला कळत नव्हते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने लावून ते सिद्ध केले. खूर सुटतात, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार त्याआधी पुढे-मागे फाकलेले पाय रंगवत आले होते. आज साधा कॅमेराही शटरला, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या झडपेला, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग देतो. बसलेल्या कुत्र्यासाठीही मी अडीचशेव्या भागाहून मंद वेग ठेवत नाही, कारण तो बसलेला असला तरी त्याचे कान आणि शेपूट बसलेले नसतात.

बैलांचे फोटो मी गोठ्यावर जाऊन काढतो. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना जवळपास चहूकडचे दिसते. अगदी मागचे तेवढे दिसत नाही. म्हणून मागून कधीही जाऊ नये, खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत, सावकाश जावे. कासरा धन्याच्याच हातात असावा. खिल्लाराचा बांधा दाखवायचा तर तो पूर्ण बाजूने, चारही पाय दिसतील असा उभा करावा आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. मोबाइल तोंडाजवळ नेला की डोके मोठे आणि अंग आखूड दिसते. वेळ सकाळची, आठाच्या आतली. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि त्या दिवसांत दुपारी जनावराला फोटोसाठी उन्हात उभे करणे हा मी छळ समजतो. कुत्र्याचे तर तळवे डांबरावर पोळतात.

काही जण पिंजऱ्यातला पोपट घेऊन येतात. देशी पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना समजावून सांगतो आणि फोटो काढत नाही. ज्यांना रानातल्या जिवांचेच फोटो हवेत, त्यांनी नान्नजच्या अभयारण्यात काळवीट दुरूनच, त्यांची चरण्याची लय न मोडता टिपावेत.

शेवटी फोटो साफ करण्याविषयी. डोळ्यांतली घाण, अंगावर चिकटलेले गवत मी काढतो. फाटलेला कान, जुनी जखम, उतरलेले शिंग यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्याने बैल विकण्याच्या आदल्या दिवशी मला बोलावले होते. बेंदराला घातलेली झूल त्यांनी पेटीतून काढली होती, शिंगांना हिंगूळ लावला होता. फोटो संगणकावर दाखवताना मी विचारले, की मानेवर जू घासून पडलेला घट्टा पुसून टाकू का, म्हणजे मान गुळगुळीत दिसेल. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तसाच. त्यावरनंच तर ह्यो माझा सर्जा." तो फोटो मी घट्ट्यासकट, दोन फूट रुंदीचा छापून त्यांच्या ओसरीवर पोचवला. दावण तोवर रिकामी झाली होती.

नमस्कार.