दोनशे तासांचा हिशेब : वैमानिक आणि उड्डाण प्रशिक्षक होण्यासाठीच्या शिष्यवृत्त्या

(दृश्य : ओझर विमानतळ. कुंपणापलीकडे द्राक्षबागा, धावपट्टीवर उतरणारे प्रवासी विमान.)

नाशिककरांच्या कानाला विमानाचा आवाज नवा नाही. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालचा. तेथे आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथेच बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. शहराच्या दुसऱ्या बाजूला, नाशिकरोडजवळच्या गांधीनगरला, लष्कराची हवाई प्रशिक्षण संस्था आहे. सगळे तिला ‘कॅट्स’ म्हणूनच ओळखतात. तेथे हेलिकॉप्टरचे वैमानिक घडतात आणि त्या वैमानिकांना शिकवणारे प्रशिक्षकही घडतात. अशा लष्करी प्रशिक्षणात इंधनापासून गणवेशापर्यंतचा खर्च सरकार करते. ज्याला सैन्यदलात जायचे आहे त्याच्यासाठी ही वाट खुली आहे, आणि एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, दारे २०२२ पासून मुलींनाही उघडली आहेत. मात्र ज्याला नागरी विमान चालवायचे आहे, किंवा पुढे जाऊन इतरांना ते चालवायला शिकवायचे आहे, त्याच्या खर्चाचे काय, हा या माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : उघडलेले लॉगबुक. तासांच्या रकान्यांवरून फिरणारे बोट.)

व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी उमेदवाराच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, किमान २०० तासांचे उड्डाण नोंदलेले असावे लागते. त्यांपैकी १०० तास त्याने विमानाचा प्रमुख म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर केलेले हवेत, आणि त्या १०० मधले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. २० तास एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवासाचे असतात. त्यांत ३०० सागरी मैलांचा एक प्रवास वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण करावा लागतो. १० तास केवळ उपकरणांच्या आधारे, तर ५ तास रात्रीचे असतात. यांशिवाय हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, नियमावली आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा असून त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो.

भारतात या सगळ्याला साधारण ४० ते ५५ लाख रुपये लागतात. एअरबस किंवा बोइंगच्या विशिष्ट विमानावरचे प्रशिक्षण त्यात धरलेले नाही. त्याचा खर्च पुन्हा पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला उड्डाणासाठी बहुधा शिरपूर, जळगाव, बारामती किंवा गोंदियाकडे जावे लागत असल्यामुळे राहण्या-जेवणाचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

या आकड्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित आकडा सहा महिन्यांचा आहे. पैसे संपले म्हणून १२० तासांवर थांबलेला विद्यार्थी वर्षभराने परत येतो तेव्हा हात बसलेला नसतो. प्रशिक्षक त्याला पुन्हा आपल्यासोबत उडवतो, आणि हे जादा तास त्याच्याच खिशातून जातात. ताज्या अनुभवाची अट तर तशीच उभी असते. पावसाळ्यात दृश्यमानता कमी झाली की उड्डाणे तशीही रोडावतात. त्यामुळे मे महिन्यात रखडलेला हप्ता अनेकदा थेट दिवाळीपर्यंतची खोटी करतो. म्हणून वैमानिक प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीकडे पाहताना किती रक्कम मिळणार याच्याइतकाच ती केव्हा मिळणार हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि अर्जाची सारी आखणी त्याभोवती करावी लागते.

(दृश्य : निफाड तालुक्यातील द्राक्षबाग, नंतर सुरगाण्याकडचा डोंगराळ रस्ता.)

सरकारी योजनांपासून सुरुवात करू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय योजनेत अभ्यासक्रमांचे गट पाडलेले आहेत, आणि पहिल्या गटात वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाबरोबर व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम नावानिशी आलेला आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. महाराष्ट्रात असे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. केंद्राच्याच ‘टॉप क्लास’ शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबमधील प्रशिक्षणासाठी प्रतिवर्षी ३ लाख ७२ हजार रुपयांची मर्यादा दीर्घकाळ राहिली आहे. अभ्यासक्रम दोन वर्षे चालला असे धरले तर ही रक्कम साडेसात लाखांच्या आत राहते. ती नाकारण्याजोगी मुळीच नाही. पण चाळीस लाखांच्या खर्चापुढे ती पाचवा हिस्सादेखील भरत नाही. शिवाय ही योजना ठरावीक, अधिसूचित संस्थांनाच लागू असते. त्यामुळे आधी प्रवेश घेऊन मग यादी पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. अशा योजनांत जागा मोजक्या असतात आणि निवड चाळणीने होते. म्हणून जाहिरात निघाल्यानंतर कागद गोळा करू लागणाऱ्याची वेळ हमखास चुकते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही जुळणी बारावीच्या वर्षातच करून ठेवावी. वैधता प्रमाणपत्राला लागणारा काळ तर अर्जदाराच्या हातात नसतोच. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी प्रवेशपरीक्षा घेते आणि तेथे राखीव जागा आहेत. परंतु आरक्षणाने जागा मिळते, शुल्काची तजवीज वेगळी करावी लागते, हे पालकांनी नीट समजून घ्यावे.

उरलेली रक्कम बहुतेक घरांत कर्जातून उभी राहते, आणि येथे नाशिकची एक खास अडचण समोर येते. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त वैमानिक प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ‘आम्ही या कोर्सला कर्ज देत नाही’ हे उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही. मात्र साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक तारण मागते. निफाड किंवा दिंडोरीच्या बागायतदाराच्या सातबाऱ्यावर दिसणारी जमीन बाजारभावाने कोटीची असली, तरी थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या वसुलीतून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे बँका तिच्याकडे तारण म्हणून नाखुशीनेच पाहतात. त्यांना बिनशेती भूखंड, फ्लॅट किंवा मुदत ठेव हवी असते. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात प्रश्न आणखी कठीण होतो. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि वनहक्काचा पट्टा वारसाने पुढे जात असला तरी तो हस्तांतरित करता येत नाही. कागदावर जमीनदार आणि बँकेत निर्धन, अशी ही स्थिती आहे. आदिवासी विकास आयुक्तालय आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ या दोन्हींची मुख्यालये नाशिक शहरातच असल्यामुळे या भागातील विद्यार्थ्याने बँकेची पायरी चढण्यापूर्वी तेथे चौकशी करणे शहाणपणाचे ठरेल. घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकर कायद्याखाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळू शकते. ही सवलत लहान वाटते, पण तीस लाखांच्या कर्जावर ती लहान राहत नाही.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर शिष्यवृत्त्यांची लांबलचक यादी.)

इंटरनेटवर ‘पायलट स्कॉलरशिप’ शोधले की शेकडो नावे समोर येतात. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतील आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक तेथील नागरिकांपुरत्या किंवा त्या त्या संघटनेच्या सदस्यांपुरत्याच असतात. १९२९ मध्ये स्थापन झालेली ‘नाइन्टी-नाइन्स’ ही महिला वैमानिकांची संघटना प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या नावाने शिष्यवृत्त्या देते. तिची भारतातही शाखा आहे. पण आधी सदस्यत्व, मग अर्ज, असा तेथील क्रम आहे. ‘विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल’चेही तसेच. ज्या मुलीने पहिल्या एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या सुमारास अशा संघटनेचे सदस्यत्व घेतले, तिला पुढच्या टप्प्यांवर अर्ज करता येतो. थेट शेवटच्या आठवड्यात यादी उघडणाऱ्याला त्या यादीचा काही उपयोग होत नाही.

आता अर्जाकडे वळू. पैसा मागण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही तुलनेने स्वस्त आहेत. पहिली वैद्यकीय तपासणी. आधी द्वितीय श्रेणीची आणि त्यानंतर प्रथम श्रेणीची तपासणी करून घ्यावी. रंगदृष्टीचा दोष कोणत्याही शिष्यवृत्तीने भरून निघत नाही, आणि तो शुल्क भरल्यावर कळणे ही टाळता येण्याजोगी शोकांतिका आहे. दुसरी गोष्ट लेखी परीक्षांची. महासंचालनालयाकडून परीक्षेसाठी लागणारा संगणक क्रमांक घेऊन दोन-तीन विषय उड्डाण सुरू होण्याआधीच उत्तीर्ण झालेला उमेदवार निवड समितीपुढे वेगळाच दिसतो, कारण त्याने इच्छेचा पुरावा गुणपत्रिकेच्या रूपात दिलेला असतो.

निबंधाबाबत एक स्पष्ट मत मांडायला हवे. ‘लहानपणी आकाशात विमान पाहिले आणि तेव्हाच ठरवले’ अशी सुरुवात जवळजवळ प्रत्येक अर्जात असते. ती खरी असेल, पण तिने समितीला निर्णय घ्यायला काही मदत होत नाही. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात आपण आज कोठे आहोत ते सांगावे: किती तास झाले, कोणते विषय सुटले, कोणत्या संस्थेत प्रवेश निश्चित आहे, एकूण खर्च किती, त्यातला किती भाग कोठून येणार आणि मागितलेल्या रकमेतून नेमका कोणता टप्पा पूर्ण होणार. ‘मला मदत हवी’ या वाक्यापेक्षा ‘रात्रीचे पाच तास आणि उपकरणांवरचे उरलेले तास या रकमेत पूर्ण होतील’ हे वाक्य अधिक वजनदार असते. शिफारसपत्र नगरसेवकाचे नको. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचे किंवा सोबत उडालेल्या प्रशिक्षकाचे असावे. खर्चाच्या तक्त्यात इंधनदरवाढीसाठी आणि फेरतपासणीच्या जादा तासांसाठी थोडी रक्कम राखून ठेवलेली दिसली, तर हा उमेदवार अर्ध्यावर अडकणार नाही असा विश्वास वाटतो.

संस्था निवडतानाही हाच निकष लावावा. महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीनिहाय यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली असून पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकाही संस्थेला स्थान मिळाले नव्हते. चालू स्थितीतली विमाने किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या तुकडीला २०० तासांसाठी किती महिने लागले, हे तीन प्रश्न संस्थेला लेखी विचारावेत. संपूर्ण शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह धरला गेला, तर पूर्ण झालेल्या तासांशी जोडलेले हप्ते मागावेत. शिष्यवृत्तीची रक्कमही त्याच हप्त्यांना जुळवून मागता येते.

(दृश्य : लहान प्रशिक्षण विमानाचा कक्ष. डाव्या आसनावर विद्यार्थिनी, उजवीकडे प्रशिक्षक.)

प्रशिक्षक होण्यासाठीच्या मदतीचा विषय आपल्याकडे फारसा निघत नाही. अमेरिकेत तो सतत निघतो आणि त्यामागे कारण आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या कोलगन एअरच्या अपघातानंतर तेथे विमान कंपनीत रुजू होण्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट आली, आणि ते तास जमवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे इतरांना शिकवणे हा ठरला. साहजिकच तेथे प्रशिक्षक-प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या निघाल्या. भारतात २०० तासांचा परवानाधारकदेखील विमान कंपनीच्या भरतीत उतरू शकतो. म्हणून शिकवण्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. परंतु भरती नेहमी सुरू नसते. भारतात २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. त्या सर्वांना लगेच नोकरी मिळाली, असे मात्र झालेले नाही.

परवाना हाती आल्यावर साहाय्यक उड्डाण प्रशिक्षकाचे मानांकन, म्हणजे शिकवण्याची पात्रता, मिळवता येते. साहाय्यक प्रशिक्षक वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतो, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो अधिकार पुढे अनुभवाने येतो. या काळात त्याला वेतन मिळते आणि लॉगबुकही भरत राहते. संपूर्ण परवान्याच्या तुलनेत या मानांकनाचा खर्च बराच कमी असतो. तरीही बँकेचे हप्ते सुरू झालेल्या तरुणाला तेवढी रक्कमसुद्धा जमवणे कठीण जाते, आणि मग नोकरीची वाट पाहता पाहता सहा महिन्यांच्या ताज्या अनुभवाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

नाशिकमध्ये शिक्षणासाठी देणगी देणाऱ्या सहकारी बँका, न्यास आणि उद्योजक यांची उणीव नाही. त्यांपैकी कोणाला या क्षेत्रात मदत करायची असेल, तर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चार लाखांऐवजी उद्दिष्टाच्या जवळ येऊन थांबलेल्यांच्या शेवटच्या चार लाखांचा विचार करावा, असे आम्हाला वाटते. पहिल्या चार लाखांनंतर आणखी छत्तीस लाख कोठून येणार, हे कोणालाच ठाऊक नसते. शेवटच्या चार लाखांत एखाद्याचा परवाना पूर्ण होतो किंवा एखादी परवानाधारक मुलगी साहाय्यक प्रशिक्षक होऊन स्वतःचे कर्ज फेडू लागते. अशा निधीसाठी लांबलचक अर्जाचीही आवश्यकता नाही. प्रशिक्षण संस्थेने साक्षांकित केलेली लॉगबुकची अखेरची पाने, मुदतीत असलेले प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि उरलेल्या तासांचे संस्थेने दिलेले दरपत्रक एवढे कागद पुरेसे आहेत, आणि धनादेश विद्यार्थ्याऐवजी थेट संस्थेच्या नावाने काढता येतो.