एक ताटली, दोन चमचे

(इंदूर, रामबागेतलं घर. सकाळ. गॅसवर पाण्याचं पातेलं, त्यावर पोह्यांची परात.)

इंदुरात पोहे वाफेवर ठेवतात, म्हणून ते शेवटच्या घासापर्यंत मऊ राहतात. बडीशेपेचा वास, वर कांदा, शेव आणि जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला. या घरातल्या आजी शेव चिमूटभर घालतात आणि जिरावण त्याहून कमी, कारण मीठ दोन्हींत भरपूर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. लिंबू मात्र आजी सढळ पिळतात. वयाबरोबर जीभ आणि नाक मंदावतात, जेवण अळणी लागतं, हात मिठाच्या बरणीकडे जातो. तिथं लिंबू, आलं, हिंगाची फोडणी फार उपयोगी पडते.

(ताटलीत पोह्यांवर उसळ वाढली जाते.)

मोड आलेल्या मटकीची उसळ. उसळपोहे इंदूरच्या गाड्यांवरही मिळतात, पण सत्तरी ओलांडलेल्यांच्या घरात ते रोज असावेत असं मला मनापासून वाटतं. लायसिन हा प्रथिनांचा एक गरजेचा घटक. तांदळाच्या प्रथिनांत तो कमी असतो, कडधान्यात भरपूर. एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

म्हातारपणीच्या खाण्याविषयी आपण बोलतो ते बहुधा काय सोडायचं एवढंच. तूप सोडा, गोड सोडा, तळलेलं सोडा. पण कितीतरी घरांत खरी काळजी वेगळीच आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला. मागे राहिलेली आई म्हणते, ‘एकटीसाठी काय रांधायचं?’ आणि रात्र चहा-बिस्किटांवर निघते. वजन उतरतं, त्याबरोबर स्नायूही उतरतात. मग जिना चढणं अवघड, तोल जाणं सोपं. भारतात प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना रोज ५५ ते ६६ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून जेमतेम ७ मिळतात. म्हणून वरणासोबत दही हवं, दूध हवं, दाण्याचं कूट हवं. चालत असेल तर अंडंही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

(पाऊस. विळीवर नाही, किसणीवर कोवळं कणीस.)

आता भुट्ट्याचा कीस. तुपात मोहरी-जिरं, हिंग, मिरची, आलं. त्यात किसलेला मका रंग बदलेपर्यंत परतायचा, मग दूध घालून मंद आचेवर शिजवायचं. घाई केली की कीस कच्चट लागतो. दूध आटलं की कोथिंबीर, खोबरं, लिंबू. दात नसलेल्या माणसालाही हा घास चघळावा लागत नाही, आणि तरी त्याला मऊ भातासारखं आजारपणाचं रूप नाही. कवळी बसवलेल्या आजोबांसमोर ही वाटी ठेवून पाहा.

शाकाहारी घरांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. बी-१२ जीवनसत्त्व भाजी-भाकरीतून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळतं. वयानुसार पोटातलं आम्ल घटतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर शोषण आणखी कमी होतं. हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. साधी रक्ततपासणी करून घ्यावी. पाण्याचंही तसंच: तहान कमी जाणवते, म्हणून तिची वाट न पाहता प्यायचं.

(सराफा. सोन्याची दुकानं बंद होतायत, खाण्याच्या गाड्या लागतायत.)

आजी-आजोबा इथं कधीतरी येतात, गर्दी वाढायच्या आत. हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, एरवी दहीवडा. एक ताटली, दोन चमचे. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण हलकं ठेवलेलं असतं, साखर-बीपी तपासलेलं असतं. शेजारच्या काकूही बरोबर असतात. त्या एकट्या राहतात, आणि आठवड्यातले काही दिवस यांच्याकडेच जेवतात. आज रबडी घ्यायची की नाही, यावर तिघांची चर्चा चाललीय. आजोबांनी पैसे काढलेत.