बंदी घातलेलं आडनाव

श्रोतेहो, नमस्कार.

3 एप्रिल 1603. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स सामान बांधून लंडनला निघायच्या घाईत आहे. इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आहे आणि तिथलं तख्तही आता याच्याकडेच आलंय. एडिंबरा सोडायला दोन दिवस उरलेले. त्या गडबडीत त्याच्या दरबारानं एक हुकूम काढला : मॅकग्रेगर हे आडनाव आजपासून रद्द. ज्यांचं आहे त्यांनी दुसरं घ्यावं. जो हे नाव लावील, त्याला देहदंड.

बंडखोरांच्या जमिनी जप्त होतात, गढ्या जाळल्या जातात, हे आपल्याला इतिहासातून ठाऊक आहे. पण आडनाव जप्त?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषा बोलणाऱ्यांचं हे घराणं. मॅक म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा वंश. घरातल्या मुलीनं गेलिकमध्ये हेच आडनाव सांगायचं तर 'मॅक'च्या जागी 'निक' येतं. आमचं कुळ राजवंशाचं, असं त्यांचं ब्रीद. नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन या राजाचा भाऊ ग्रिगर हा आमचा मूळपुरुष, असं ते सांगत आले. आपल्याकडची कुळं वंशावळ थेट सूर्यचंद्रापर्यंत नेतात, त्यामानाने हे लोक संयमीच म्हणायचे. इतिहासाच्या हाती लागतो तो मात्र चौदाव्या शतकातला 'सोनेरी लगामांचा' ग्रेगर आणि त्याचा एका डोळ्याचा मुलगा इयान. वतन म्हणजे ग्लेन ऑर्खीचं खोरं आणि आसपासचे डोंगर.

जमीन त्यांनी पिढ्यानपिढ्या कसली, राखली, पण तिचा कागद नव्हता. कागद होता शेजारच्या कॅम्बेलांकडे. राजदरबारात वजन असलेल्या या घराण्यानं एकेक खोरं सनदेवर आपल्या नावे करून घेतलं, आणि मॅकग्रेगर आपल्याच जमिनीत कुळं झाले, पुढे तर बेदखल. मग गुरं पळवणं, सूड, पुन्हा सूड. 1570 मध्ये त्यांचा नायक ग्रेगर याचं कॅम्बेलांनी मुंडकं उडवलं. त्याची बायको मॅरियन कॅम्बेलांचीच लेक. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन, आपल्याच माहेरच्या माणसांना शाप देत तिनं गायलेली अंगाई गेलिक गायक आजही गातात.

या लोकांना नुसते दरोडेखोर समजू नका. सोळाव्या शतकात जेम्स मॅकग्रेगर नावाच्या एका धर्मगुरूनं जुन्या गेलिक कविता जमवून एक वही लिहून ठेवली. ती एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ती नसती तर त्या काळातल्या कितीतरी कविता आज आपल्याला वाचायलाच मिळाल्या नसत्या.

बंदीचं निमित्त झालं ते 7 फेब्रुवारी 1603 ला, लॉख लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रुइन खोऱ्यात. समोर होते कोलकहून घराण्याचे लोक. (या नावाचा खरा उच्चार 'काहून'च्या जवळचा आहे. वऱ्हाडातल्या श्रोत्यांनी कृपया हसू नये.) मॅकग्रेगरांनी त्यांची दाणादाण उडवली, शंभरावर माणसं पडली. त्याआधीच एका धाडीत मेलेल्यांच्या बायका रक्तानं भिजलेले सदरे काठ्यांवर लावून राजापुढे उभ्या राहिल्या होत्या, असं सांगतात.

नायक अलास्डेअर आर्गाइलच्या अर्लच्या हाती लागला. हा अर्ल कॅम्बेलांचा मुख्य. त्यानं वचन दिलं होतं की तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोचवतो. शब्द त्यानं अक्षरशः पाळला. सीमा ओलांडून इंग्लंडच्या मातीवर पाय टेकवू दिले आणि तिथूनच माघारी फिरवून एडिंबराला आणलं. जानेवारी 1604 मध्ये अलास्डेअरला साथीदारांसह फाशी दिलं. नायक म्हणून त्याचा फास इतरांपेक्षा उंच बांधला, हा त्यातला मान. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत किळसवाणा वाटतो तो हा मान.

पुढचे हुकूमही तसेच. जवळ फक्त जेवताना मांस कापायला टोक मोडलेली सुरी बाळगायची. चारांपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही.

मग लोकांनी काय केलं? कुणी मरे झालं, कुणी ड्रमंड, कुणी स्ट्युअर्ट, कुणी ग्रँट, आणि कित्येक जण चक्क कॅम्बेल. ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच नावाच्या आडोशाला. अॅबरडीनकडे ग्रेगरी नावाचं एक विद्वानांचं घराणं होऊन गेलं, तेही आपलं मूळ मॅकग्रेगरांतच सांगतं. त्यातल्या जेम्स ग्रेगरीचं नाव आपल्या गणिताच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. 'ग्रेगरी श्रेणी' म्हणून शिकवली जाते ती त्याच्याआधी केरळात माधवानं मांडली होती, पण तो विषय वेगळ्या भाषणाचा.

1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं बंदी उठवली, 1693 मध्ये विल्यमच्या राज्यात ती पुन्हा आली. म्हणून तर सुप्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आयुष्याचा बराच काळ आईचं आडनाव लावून वावरला. आई कॅम्बेल! बंदी कायमची उठली ती 1774-75 च्या अधिवेशनात, लंडनच्या संसदेत.

त्यानंतर 826 जणांनी सह्या करून एक नायक निवडला, जॉन मरे. कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत मोठा झालेला माणूस. नायक मॅकग्रेगरांचा, आडनाव मरे. आणि याचा मुलगा ईव्हन आपल्या खानदेशात येऊन गेलाय. 27 फेब्रुवारी 1818 रोजी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यात इंग्रज फौज शिरली. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकला होता, पण किल्लेदार तुळशीराम तो सोडायला तयार नव्हता. दरवाज्यातल्या चकमकीत कॅप्टन मॅकग्रेगर नावाचा अधिकारी ठार झाला आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, म्हणजे हा ईव्हन, जबर जखमी झाला. मग इंग्रजांनी किल्ल्यातली शिबंदी कापून काढली आणि तुळशीरामाला फाशी दिलं. आपल्या घराण्याचा नायक फासावर लटकलेला ज्यांनी दोन शतकं विसरला नाही, त्यांच्यातलाच एक जण त्या फौजेत होता.

1822 मध्ये राजाच्या परवानगीनं या घराण्यानं 'मॅकग्रेगर' अधिकृतपणे परत घेतलं. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला. मिरवणुकीत स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार होती, आणि त्यांच्या पहाऱ्याला सर ईव्हन मॅकग्रेगर आपली माणसं घेऊन चालत होता.

नमस्कार.