लशींची संदर्भ मानकं कोणत्या तापमानाला किती टिकतात

लशीच्या लॉटची (एका वेळी तयार झालेल्या साठ्याची) पोटन्सी, म्हणजे परिणाम करण्याची ताकद, आपण सुटी मोजत नाही. संदर्भ मानक, म्हणजे ताकद आधीच ठरवून दिलेला नमुना, आणि लॉट एकाच चाचणीत शेजारीशेजारी ठेवतो, दोघांच्या प्रतिसादांचं गुणोत्तर काढतो. म्हणून मानक घसरलं तर चाचणीला ती घसरण दिसत नाही. उलट लॉट चढा दिसतो. हिशोब करून बघा. मानक १० टक्क्यांनी उतरलंय, पण आपण त्याला छापील आकडाच देतोय. लॉटमध्ये खरी ९२ एककं आहेत आणि किमान मर्यादा १०० आहे. अहवालात १०२ येतील आणि कमकुवत लॉट पास होईल. साठवणुकीच्या तापमानाबद्दल मी एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय मानकं बहुतांशी शीतशुष्क केलेली (गोठवून वाळवलेली), काचेच्या ॲम्प्यूलमध्ये वितळबंद केलेली (काच वितळवून तोंड बंद केलेली) असतात आणि उणे २० अंश सेल्सिअसला ठेवली जातात. त्यांच्यावर मुदतीची तारीख नसते. त्याऐवजी त्वरित ऱ्हास चाचणीचा आधार असतो. काही ॲम्प्यूल सुरुवातीलाच उणे ७० किंवा त्याहून खाली बाजूला ठेवतात. बाकीच्या उणे २०, ४, २०, ३७, ४५ अंशांना ठेवतात, ठरलेल्या महिन्यांनी काढतात आणि सगळ्यात थंड ॲम्प्यूलच्या तुलनेत एकाच वेळी मोजतात. उणे २० ची घट इतकी बारीक असते की ती चाचणीच्या स्वतःच्या त्रुटीत बुडून जाते. म्हणून वरच्या तापमानांचे ऱ्हासाचे वेग अऱ्हेनियस समीकरणात (तापमान आणि वेग यांचं नातं सांगणाऱ्या सूत्रात) घालून खालचा वेग काढावा लागतो.

समजा, ३७ अंशांना महिन्याला १० टक्के पोटन्सी जाते. सक्रियण ऊर्जा (तापमानानुसार ऱ्हासाचा वेग किती बदलतो हे ठरवणारा आकडा) मोलमागे १०० किलोज्यूल असेल, तर ४ अंशांना वर्षाला सुमारे १.२ टक्के आणि उणे २० ला सुमारे ०.०२ टक्के घट येते. तीच ऊर्जा ६० किलोज्यूल निघाली, तर ४ अंशांना वर्षाला साडेसात टक्के आणि उणे २० ला ०.७ टक्क्यांच्या आसपास. ३७ अंशांचा आकडा एकच, पण पहिल्या मानकाला फ्रिज वर्षभर पुरेल आणि दुसऱ्याला नाही! म्हणून एका तापमानाच्या निकालावरून टिकाऊपणा सांगू नये. घट दाखवणारी निदान तीन तापमानं हवीत.

हे गणित एका अटीवर चालतं: वडी, म्हणजे ॲम्प्यूलमधला वाळलेला गोळा, सगळ्या तापमानांना काचरूप (काचेसारखी कडक) राहिली पाहिजे. वडीत घातल्या जाणाऱ्या साखरांपैकी कोरड्या ट्रेहॅलोजचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचरूप पदार्थ मऊ पडतो) ११५ अंशांच्या आसपास असतं, सुक्रोजचं बरंच खाली. ओलावा ते आणखी खाली ओढतो. सुक्रोजची दमट वडी ४५ किंवा ५६ अंशांना मऊ पडून बसते. तिथला ऱ्हास वेगळ्या जातीचा असतो. तो बिंदू आलेखात घेतला तर खालचं भाकीत चुकतं. उरलेला ओलावा १ टक्क्याच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो तो यासाठी. रबरी बूच असलेल्या व्हायलमध्ये बुचातला ओलावा हळूहळू वडीत उतरतो. वितळबंद काचेत ती वाट नसते.

द्रव मानकांचं दुखणं निराळं आहे. ॲल्युमिनियम ॲड्ज्युव्हंट (लशीचा परिणाम वाढवणारा घटक) असलेली लस कार्यमानक (प्रयोगशाळेचं रोजच्या वापराचं मानक) म्हणून वापरत असाल, तर ती २ ते ८ अंशांनाच ठेवा. गोठली की जेलचे कण गुठळतात आणि वितळल्यावर पूर्ववत होत नाहीत. दुसरीकडे, निष्क्रिय पोलिओ लशीचं डी-अँटिजन मानक (डी-अँटिजन हा त्या लशीची ताकद ज्यावरून मोजतात तो विषाणूचा घटक) द्रव असतं आणि उणे ७० ला ठेवतात. तिथे उणे २० वर समाधान मानू नका. मिठाचं द्रावण पुरतं घट्ट व्हायला उणे २१ च्या खाली जावं लागतं, त्यामुळे उणे २० ला बर्फाच्या फटींत दाट खारं पाणी उरतं आणि प्रथिनं त्यातच कोंडली जातात. सोडियम फॉस्फेटचा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) असेल तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि पीएच घसरतो, म्हणजे द्रावण आम्लधर्मी होतं.

हिमरहित फ्रीझर तर मानकांसाठी वापरूच नये. बर्फ काढायला तो आपणहून मधूनमधून तापतो आणि कुप्या दर वेळी वरखाली होतात. कोरड्या बर्फातून आलेल्या द्रव मानकाचं बूच सैल असेल, तर कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच उतरतो. अशी खेप आधी काही काळ उणे ७० च्या फ्रीझरमध्ये ठेवून वायू निघू द्या, मगच वितळवा.

रोजच्या कामात मानकाच्या गुणोत्तरावर नव्हे, त्याच्या कच्च्या प्रतिसादावर नियंत्रण आलेख (दर चाचणीचा आकडा नोंदवून घसरण दाखवणारा) ठेवा: ५० टक्के परिणामाची मात्रा, वक्राचा उतार. सोबत वेगळ्या, अधिक थंड ठिकाणी ठेवलेला नियंत्रण नमुना दर चाचणीत लावा. दोघं एकाच फ्रीझरमध्ये असतील तर दोघं मिळून घसरतील आणि आलेख सरळच राहील. ॲम्प्यूल फोडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ थेट वडीवर बसते. वडीतला तुकडा तोलून घेऊ नका. संपूर्ण ॲम्प्यूल सांगितलेल्या आकारमानात विरघळवा. उरलेलं द्रावण पुन्हा गोठवायचं असेल, तर ते तसं टिकतं हे आधी तपासलेलं हवं. मग एकवेळच्या वापराचे छोटे भाग करा आणि वितळलेला भाग परत फ्रीझरमध्ये ठेवू नका.