बार्शी लाईटची इंजिनं

श्रोतेहो, नमस्कार.

कुर्डुवाडी स्टेशनाला एके काळी ‘बार्शी रोड’ म्हणत. मुंबईहून मद्रासकडे जाणारी जीआयपीची, म्हणजे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वे कंपनीची, मोठी लाईन बार्शीला बगल देऊन गेली होती. पेठेतला कापूस बैलगाड्यांतून स्टेशनापर्यंत यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शीपर्यंत छोटी रेल्वे न्यायचा ध्यास घेतला आणि १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे धावू लागली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट!

पण या गाडीला खेळण्यातली गाडी समजू नका. रूळ दबतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एकेका चाकाखाली येणाऱ्या भाराने. हे हेरून कॅलथ्रॉपने नियमच घातला: एका आसावर पाच टनांच्या वर भार नको. मग दर यार्ड लांबीला, म्हणजे तीन फुटांना, तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, पूल स्वस्तात झाले.

आता अडचण इंजिनाची. ते हलकं केलं, तर चाकं जागच्या जागी घसरणार आणि माल ओढला जाणार नाही. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यावर केलेली रचना मला आजही थक्क करते. आठ चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, इंजिनाच्याच मागच्या भागाखाली चार चाकांचा वळता सांगाडा, म्हणजे बोगी, पाणी आणि कोळसा इंजिनावरच. असं सगळं वजन सहा आसांवर वाटलं गेलं. मालडब्यांनाही तोच पाच टनांचा हिशेब, म्हणून डबे छोटे दिसले तरी माल भरपूर घेत. भारतात येण्याआधी, १८९६ मध्ये, लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून या गाड्या लोकांना चालवून दाखवल्या होत्या.

पुढे ही लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची केवढी गर्दी या छोट्या डब्यांनी वाहिली!

बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात, तशीच अडीच फुटी रेल्वे उभारली. तिची इंजिनंही किटसनचीच. १९०४ साली सुरू झालेली ती लाईन १९३४ मध्येच बंद पडली. आपली बार्शी लाईट मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, सरकारने विकत घेतली आणि तिच्या अडीच फुटी रुळांवर एकविसाव्या शतकातही गाड्या धावल्या.